मामा, आजोबा आणि दारूखाना

जून महिन्यात शाळा सुरू झाली, की मराठीच्या बाई हमखास एक निबंध लिहायला देत. ‘मी सुट्टीत पाहिलेले ठिकाण.’ कुणी महाबळेश्वर लिहायचं, कुणी शिर्डी, कुणी राणीचा बाग. १९९६ सालच्या जूनमध्ये मी आठवीत होतो. बाईंनी एकेकाला उभं करून ठिकाणाचं नाव विचारलं. माझी पाळी आली. मी म्हणालो, “दारूखाना!”

सगळा वर्ग खो खो हसला. बाईंनी चष्मा नाकावर खाली घेतला आणि मला नीट पाहून घेतलं.

“कोणाबरोबर गेला होतास?”

“आजोबांबरोबर. आणि मामाबरोबर.”

वर्ग आणखीनच हसला. मग मात्र मी घाईघाईने सांगून टाकलं, की बाई, तिथे प्यायची दारू मिळत नाही. तिथे मोडलेली जहाजं आणि जुनी यंत्रं मिळतात!

दोस्तांनो, मुंबईच्या हार्बर रेल्वेवर रे रोड नावाचं स्टेशन आहे. १८८५ ते १८९० या काळात मुंबई इलाख्याचे गव्हर्नर असलेल्या लॉर्ड रे यांचं नाव त्या रस्त्याला मिळालं. १९१० साली हार्बर मार्ग सुरू झाला तेव्हा कुर्ल्याहून सुटणारी गाडी या रे रोडपर्यंतच येत असे. या स्टेशनातून पूर्वेला, म्हणजे समुद्राच्या बाजूला उतरलात, की दारूखाना लागतो. इथली दारू म्हणजे बंदुकीची, तोफेची दारू. ‘दारूगोळा’ शब्दातली. तिथल्या धक्क्यांची नावं ऐका: कोळसा बंदर, लकडी बंदर, पावडर बंदर. कुठल्या धक्क्यावर काय उतरत होतं, ते नावातच आलं की नाही? पुढे याच किनाऱ्यावर म्हातारी झालेली जहाजं तोडायला आणू लागले. जहाज म्हणजे एक तरंगतं गावच. त्यातून निघालेला माल विकणारी दुकानं आजूबाजूला उभी राहिली. त्यांच्या शेजारी बंद पडलेल्या कारखान्यांतली यंत्रं विकणारेही आले.

आम्ही तिथे का गेलो, ते आता सांगतो.

माझा मामा कुडाळजवळच्या एका खेड्यात राहायचा. सुतार. हात असा, की डोळे मिटून रंधा मारला तरी फळी आरशासारखी व्हावी. त्याच्याकडे पाळणे, पाट, खाटा, पोळपाट-लाटणी यांची कामं येत. अडचण एकच होती. पाळण्याचे कातीव खांब, खाटेचे गोल पाय, लाटणी, ताक घुसळायची रवी, हे सगळं गोल काम करायला लेथ लागतं. लाकूड दोन टोकांमध्ये धरून गरगर फिरवायचं आणि त्याला पटाशी लावायची, की ते गोल होत जातं. कुंभार चाकावर मडकं करतो ना, तसंच काहीसं. फक्त इथे फिरण्याचा आस आडवा पडलेला! आपल्याकडे हे काम पिढ्यान् पिढ्या करणाऱ्यांना कातारी म्हणतात.

मामाकडे लेथ नव्हतं. लाकडाचे तुकडे गोणीत भरून तो एस.टी.ने तालुक्याला जायचा, तिथल्या कारखान्यात कातून घ्यायचा आणि नगाप्रमाणे पैसे मोजायचा. पाळण्याचे मिळणारे निम्मे पैसे असेच जायचे. वर तारीख उलटून गेली, की गिऱ्हाईक नाराज. म्हणून मामाने ठरवलं, की आपलंच लेथ घ्यायचं. नवीन परवडणारं नव्हतं. दोन वर्षं पैसे बाजूला टाकून त्याने तीन हजार जमवले. पतपेढीतून पाच हजारांचं कर्ज काढलं. मे महिन्यात ते आठ हजार रुपये बनियनच्या आतल्या खिशात शिवून तो रात्रीच्या एस.टी.ने लालबागला आमच्या चाळीत येऊन दाखल झाला. कुडाळपर्यंत रेल्वे तेव्हा पोहोचायची होती. संपूर्ण कोकण रेल्वे सुरू झाली १९९८ साली.

मुंबईत मामाला मशीनची पारख करून देणारा माणूस आमच्या घरातच होता. आमचे आजोबा. ते एका कापड गिरणीच्या सुतारखान्यात तीस वर्षं कामाला होते. गिरणीत सुतारांचं काय काम, असं तुम्हाला वाटेल. मलाही वाटायचं. पण गिरणीत लाकडी बॉबिनं असत, मागावर धावणारे धोटे असत, खोकी, शिड्या, दारं, खिडक्या, सगळं असे. १८ जानेवारी १९८२ ला गिरणी कामगारांचा मोठा संप सुरू झाला. त्यानंतर कितीतरी गिरण्या पुन्हा धड चालल्याच नाहीत. आजोबांची गिरणीही नाही. त्यांच्या हातातलं काम गेलं, पण कानातलं मशीन काही गेलं नाही. कुठे पंखा कुरकुरला, तरी ते म्हणायचे, “बेअरिंग गेलंय त्याचं.”

शनिवारी सकाळी निघालो. निघताना आजोबांनी मला एक वही आणि पेन्सिल दिली. “तू कारकून. जे दिसेल ते लिहायचं. मापं, आकडे, किंमत. मशीनवर काही ओतीव अक्षरं असली तर तीसुद्धा.” आजोबांच्या खिशात पोलादी फूटपट्टी, एक खिळा, लाकडी मुठीचा स्क्रू ड्रायव्हर आणि रॉकेलचा बोळा असलेली छोटी डबी होती. मामाला वाटलं, म्हातारा विसरला आहे, आपण मशीन घ्यायला चाललोय की दुरुस्त करायला?

काळाचौकीवरून चालत कॉटन ग्रीन स्टेशन गाठलं आणि एकच स्टेशन गाडीने जाऊन रे रोडला उतरलो. पुढे जे दिसलं ते मी कधी पाहिलं नव्हतं. माणसाच्या उंचीचे नांगर. मांडीएवढ्या जाड साखळ्या. जहाजाच्या गोल खिडक्या एकावर एक रचलेल्या, जणू भाकऱ्यांची चवड! एका दुकानात पन्नास-साठ वॉश-बेसिनं, दुसऱ्यात केशरी रंगाची जीवरक्षक कडी. गॅस कटरच्या ठिणग्या उडत होत्या. हवेत खारट वास, तेलाचा वास, जळक्या लोखंडाचा वास. हमाल “बाजू, बाजू!” ओरडत हातगाड्या काढत होते. मामा तोंड उघडं टाकून बघत होता. म्हणाला, “अरे, ह्यां काय दुकान आसा? अख्खी बोट फुटून पडली आसा हंय!”

पहिल्याच गल्लीत एक लेथ दिसलं. काय सुंदर होतं! हिरवागार चकचकीत रंग. ना गंज, ना डाग. पुली, पट्टा, टेलस्टॉक, सगळं जागच्या जागी. दुकानदाराने हाताने फिरवून दाखवलं. सुर्रकन फिरलं.

“छे हजार, चाचा. एकदम कंडिशन माल.”

मामाचे डोळे चमकले. आजोबांनी काहीच दाखवलं नाही. ते म्हणाले, “बघू.” मग त्यांनी फूटपट्टी काढली. मला मापं सांगत गेले, मी लिहीत गेलो. बेडपासून मधल्या टोकाची उंची सहा इंच. म्हणजे बारा इंच व्यासापर्यंतचं लाकूड फिरू शकेल. बेडच्या दोन कडांमधली फट दोन इंच. बेडच्या पोटाशी ओतीव आकडे होते, १४७. तेही मी लिहिले.

आणि इथे माझ्याकडून घोटाळा झाला.

मला ते मशीन फारच आवडलं होतं. आजोबा उगाच वेळ काढताहेत असं वाटलं. मी मोठ्याने म्हणालो, “मामा, घेऊन टाक ना! आपल्याकडे तर आठ हजार आहेत!”

एकदम शांतता पसरली. मामाचा हात आपोआप बनियनकडे गेला. दुकानदार गोड हसला. म्हणाला, “बच्चा समझदार है. चाचा, मोटर के साथ साढेसात. और अब इससे कम नहीं होगा.”

सहा हजारांचं मशीन एका वाक्यात साडेसात हजारांचं झालं! मोटर आम्ही मागितलीसुद्धा नव्हती. मामा माझ्याकडे वळून हळूच म्हणाला, “भाच्या, तुझ्या तोंडाक कुलूप घालूक व्हया.” तो रागावून बोलला नाही, म्हणून मला जास्तच वाईट वाटलं. दोन वर्षं जमवलेले पैसे, आणि मी ते असे उघडे करून ठेवले.

आजोबा मात्र आपलं काम करतच होते. स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने ते बेडवर या टोकापासून त्या टोकापर्यंत ठोकत चालले होते. टण... टण... टण... थड. पुन्हा तिथेच ठोकलं. थड.

“ऐकलंस?” त्यांनी मला विचारलं. “देवळातली घंटा तडकली तर कशी वाजते?”

“बद्द वाजते.”

“बरोबर.” त्यांनी रॉकेलच्या बोळ्याने ती जागा पुसली, खिळ्याने हलकेच खरवडली. हिरव्या रंगाखालून पांढरी लांबी निघाली. लांबीखाली केसाएवढी बारीक काळी रेघ होती. ती बेडच्या एका कडेपासून निघून खाली पार पोटापर्यंत गेली होती. तडा!

लेथचा बेड बिडाचा म्हणजे ओतीव लोखंडाचा असतो. बीड जड असतं, मशीनचा थरकाप गिळून टाकतं, म्हणून यंत्रांना ते चांगलं. पण ते ठिसूळ. पडलं किंवा जोरात आपटलं, तर वाकत नाही, तडकतं. त्याला वेल्डिंग करणं साध्या पोलादासारखं सोपं नसतं. आणि जोडलं तरी बेड सरळ राहील याची खात्री नाही. बेड वाकडा, म्हणजे त्यावर होणारं प्रत्येक काम वाकडं.

दुकानदार म्हणाला, आम्ही असंच आणलं, रंगवलेलंच आलं होतं. खरं-खोटं त्यालाच माहीत. आम्ही निघालो. त्याने मागून हाका मारल्या, साडेसहा, सहा, साडेपाच. आजोबा वळले नाहीत.

मी मान खाली घालून चालत होतो. चहाच्या टपरीवर आजोबांनी तीन कटिंग सांगितले. मी म्हणालो, “आजोबा, चुकलं.” ते म्हणाले, “चुकलंच. बाजारात आपला आकडा शेवटी सांगायचा. पण मशीन तडकलं ते काही तुझ्यामुळे नाही. चहा पी.”

त्यानंतर आम्ही सहा दुकानं फिरलो. एका लेथचं बेअरिंग गेलेलं. ते कसं कळलं? आजोबांनी स्क्रू ड्रायव्हरचं टोक बेअरिंगवर टेकवलं, मूठ कानाला लावली आणि मला स्पिंडल फिरवायला सांगितलं. मग मलाही ऐकवलं. डॉक्टरांच्या नळीसारखं! आत वाळू भरल्यासारखा खरखर आवाज येत होता. दुसऱ्या लेथचा स्पिंडल हाताने वर-खाली हलत होता. तिसरं लेथ उत्तम होतं, पण लोखंडाच्या कामाचं, किंमत पंधरा हजार. दुपार झाली. मामाच्या चेहऱ्यावरचं पाणी उतरायला लागलं.

शेवटी लकडी बंदराच्या बाजूला एका गाळ्यात, पत्र्यांच्या ढिगाआड, एक काळं धूड दिसलं. लेथच होतं, पण अंगावर गंजाचा थर. वर कुणीतरी दोरखंड टाकून ठेवलेले. आणि मुख्य म्हणजे त्याला टेलस्टॉकच नव्हता. टेलस्टॉक म्हणजे लाकडाचं दुसरं टोक धरून ठेवणारा भाग. तो नसेल तर लांब लाकूड धरणार कसं? पाळण्याचा खांब होणार नाही आणि लाटणंही नाही.

“ह्या तर लंगडा आसा,” मामा पुटपुटला.

आजोबांनी ठोकायला सुरुवात केली. टण, टण, टण, टण. या टोकापासून त्या टोकापर्यंत घंटा! रॉकेलचा बोळा फिरवला. गंज वरवरचा होता, खाली राखाडी बीड स्वच्छ दिसलं. स्पिंडल हलत नव्हता. कानाला मूठ लावली, आत मऊ, एकसारखा आवाज. आजोबा मला म्हणाले, “रंगाला भुलायचं नाही आणि गंजाला घाबरायचं नाही. गंज रॉकेलने जातो, तडा जात नाही.”

मी सवयीने वाकून ओतीव आकडे शोधले. धुळीखाली हात फिरवला. बोटांना लागले. एक... चार... सात.

माझ्या छातीत धडधडायला लागलं. वहीचं पहिलं पान उघडलं. १४७! म्हणजे दोन्ही मशीनं एकाच साच्यातली. तिथला टेलस्टॉक इथे बसणार! ओरडावंसं वाटलं. तोंड उघडलंसुद्धा. पण मामाचं ते कुलूप आठवलं. मी काही बोललो नाही. वही आजोबांच्या पुढे धरली आणि ‘१४७’वर बोट ठेवलं.

आजोबांनी वही पाहिली. बेड पाहिला. मिशीतल्या मिशीत हसले. फूटपट्टी काढून उंची आणि फट मोजली. सहा इंच, दोन इंच. मग शांतपणे दुकानदाराला म्हणाले, “मागचा भाग नाही याला. काय घेणार?”

तो म्हणाला साडेचार हजार. आजोबा म्हणाले, अपुरं मशीन आहे. अर्धा तास घासाघीस चालली. शेवटी चौतीसशेवर सौदा ठरला. वर दुकानदार म्हणाला, “और ये मोटर मुफ्त ले जाओ.” जहाजातून निघालेली चांगली दणकट मोटर होती.

“फुकट? मग घेऊया मां!” मामा म्हणाला.

आजोबांनी मोटरवरची पितळी पट्टी पुसली आणि मला वाचायला लावली. ४४० व्होल्ट, ६० सायकल, ३ फेज. आपल्या घरी येते ती वीज २३० व्होल्ट, ५० सायकल, सिंगल फेज. मामाच्या पडवीत ही मोटर फिरलीच नसती. तीन फेजची जोडणी घ्यायला वेगळा खर्च, वेगळे खेटे. “फुकट मिळालेली वस्तूसुद्धा महाग पडते,” आजोबा म्हणाले. त्यांनी मोटर परत केली आणि त्याबद्दल दोनशे रुपये कमी करून घेतले. मोटरमधल्या तांब्याला किंमत होतीच, त्यामुळे दुकानदारही खूश झाला. आता मशीन बत्तीसशेला. दोनशे रुपये विसार दिला आणि आजोबांनी साफ सांगितलं, की बाकीचे पैसे तासाभरात आणतो, पण मला मागचा भाग मिळाला तरच. नाही मिळाला तर विसार तुमचा.

दोनशे रुपये पणाला लागले होते. परत पहिल्या गल्लीत जाताना मामा जवळजवळ पळत होता. हिरव्या मशीनजवळ दुसरं गिऱ्हाईक उभं! माझा जीव वर-खाली झाला. पण तो माणूस नुसताच बघून गेला. आजोबांनी दुकानदाराला सांगितलं, की मशीन नको, फक्त टेलस्टॉक हवा. तो कुरकुरला. मग खरवडलेल्या रेघेकडे बघितलं. ती रेघ आता प्रत्येक गिऱ्हाईकाला दिसणारच होती. सहाशे रुपयांना त्याने टेलस्टॉक दिला. जाता जाता सांगूनही टाकलं, की दोन्ही मशीनं एकाच बंद कारखान्यातून आली होती. उतरवताना एक हमालांच्या हातून निसटलं.

पोत्यात गुंडाळलेला टेलस्टॉक मामाने खांद्यावर मारला. काळ्या मशीनच्या बेडवर ठेवला, पुढे सरकवला. लेथची खरी परीक्षा इथे असते. हेडस्टॉकचं टोक आणि टेलस्टॉकचं टोक जवळ आणायचं. दोन्ही टोकं नाकासमोर नाक भेटली पाहिजेत. आम्ही तिघं वाकून बघत होतो. टोकं भेटली. अगदी कागदाएवढा फरक होता. आजोबा म्हणाले, “खाली पत्र्याची पातळ पट्टी सारली, की झालं!”

मामाने मला उचललंच. आठवीत जाणाऱ्या मुलाला!

पैसे देताना आजोबांनी दुकानदाराला टेलस्टॉकची सगळी गोष्ट सांगून टाकली. तोही हसला. म्हणाला, “चाचा, आपका मुन्शी तेज है.” परतताना मी विचारलं, “आजोबा, आपण त्याला आधी सांगितलं नाही, तो खोटेपणा नाही झाला?” आजोबा जरा थांबले. म्हणाले, “आपण आपली माहिती जपली. त्याच्या मालात जे आहे ते त्याला दिसत होतं, आपण काही लपवलं नाही. तड्यावर रंग मारणं वेगळं. तो माणूस तोंडाने खोटं बोलला नसेल, पण ब्रश खोटं बोलला.”

आता हिशेब करा पाहू. मशीन ३,२०० रुपये. टेलस्टॉक ६००. लालबागच्या एका ओळखीच्या मिस्त्रीकडून चालवून बघून घेतलेली सिंगल फेजची एक हॉर्सपॉवरची जुनी मोटर १,४००. पुली आणि पट्टा ३५०. हातगाडी, हमाली आणि कोकणात माल नेणाऱ्या ट्रकचं भाडं मिळून ९००. किती झाले? आठ हजारांतले किती उरले? मामाने उरलेल्यातून कातकामाच्या चांगल्या पटाश्या घेतल्या आणि बाकीचे पतपेढीत भरून टाकले.

रात्री आजोबांनी मला पुलीचं गणित शिकवलं. मोटर मिनिटाला १,४४० फेरे घेते. मोटरवर तीन इंचांची पुली आणि लेथवर सहा इंचांची, तर लेथ निम्म्या वेगाने फिरेल, म्हणजे ७२०. दोन्ही पुल्या सारख्या, तर १,४४०. पाळण्याच्या जाड खांबाला कमी वेग, बारीक लाटण्याला जास्त. कारण लाकूड जाड असलं, की एका फेऱ्यात त्याची कड जास्त अंतर धावते. व्यास आणि परिघ! शाळेत ते सूत्र मी नुसतंच पाठ केलं होतं. ते पट्ट्यावर बसून फिरतं, हे त्या रात्री कळलं. आजोबांनी मामाला एक ताकीदही दिली. पट्ट्यावर जाळी बसवायची, डोळ्यांना चष्मा लावायचा, लेथवर सैल बाह्यांचा सदरा आणि हातमोजे घालायचे नाहीत. फिरणारं यंत्र कापड ओढून घेतं, आणि कापडाबरोबर हातही.

त्या वर्षीच्या गणपतीत आम्ही गावी गेलो. पडवीत लेथ सुरू होतं. लाकडाच्या लांबलचक ढलप्या उडत होत्या आणि मामाच्या केसांवर भुसा बसला होता. पतपेढीचं कर्ज फिटायला दीड वर्ष लागलं. मामाने त्या लेथवर केलेलं पहिलं लाटणं माझ्या आईला दिलं, आणि पहिला भोवरा मला. बाईंनी माझ्या निबंधाला दहापैकी आठ गुण दिले होते. दोन का कापले, ते विचारलं. म्हणाल्या, “ठिकाणाचं वर्णन कमी आणि मशीनचं जास्त!”

या दारूखान्याचं नाव पुढे साऱ्या देशाने ऐकलं. आपल्या नौदलाची पहिली विमानवाहू युद्धनौका ‘विक्रांत’ १९६१ साली नौदलात आली आणि १९९७ च्या जानेवारीत निवृत्त झाली. काही वर्षं ती मुंबईत संग्रहालय म्हणून उभी होती. २०१४ साली ती इथेच, दारूखान्याच्या धक्क्यावर तोडायला घेतली. तिच्या लोखंडाचा काही भाग वापरून बनवलेली मोटारसायकल २०१६ साली बाजारात आली. आणि २०२२ साली त्याच नावाची नवी, भारतात बांधलेली ‘विक्रांत’ नौदलात दाखल झाली. बातमी वाचली तेव्हा मला ती बिडाची घंटा पुन्हा ऐकू आली. टण, टण, टण.

तुम्ही काही लगेच लेथ घ्यायला जाणार नाही. पण जुनी सायकल घ्याल. पंखा, शिलाई मशीन, नाहीतर गिटार घ्याल. तेव्हा चकचकीत रंग पाहून हुरळू नका. ठोकून बघा, फिरवून बघा, कान लावून ऐका. काय कमी आहे आणि ते कुठे मिळेल, ते आधी विचारून घ्या. सायकलची फ्रेम आधी बघा, घंटी मागाहून. जे दिसेल ते वहीत लिहा. आणि खिशात किती आहेत, ते मुळीच बोलू नका!

आजोबा आता नाहीत. मामाही थकला आहे. लेथ मामेभाऊ चालवतो. मशीन काळंच आहे. टेलस्टॉक मात्र अजून हिरवागार. मामाने तो कधी रंगवू दिला नाही.